नावेची शेवटची खुंटी

अमरावती,
१२ नोव्हेंबर २००६

अब्बा,
अस्सलामु अलैकुम. मी बरी आहे. खोली बदलली, नवा पत्ता मागे लिहिला आहे. अम्मीचा गुडघा कसा आहे? मराठी शाळेत तुम्हीच घातलंत, म्हणून पत्र मराठीत.

शेजारचे पुंजारामकाका दवाखान्याच्या कामाने इथे आले, तेव्हा तुम्ही केलेली नाव देऊन गेले. पोत्यात गुंडाळलेली, हातभर लांब, सागवानी. म्हणाले, "तुह्या बापाले इचारलं, काई निरोप? तं म्हने, गयते म्हना. बस." मग जाता जाता, "तू म्हने टाक्यायचं गयनं बंद करतं. आता बापाची नाव बंद करून दाखव!"

नाव गळते, एवढाच तुमचा निरोप. कामावर पाण्याची टाकी तपासते, तशीच ती तपासली. बाहेरून खडूची पूड लावली, आत पाणी ओतलं. पूड ओली होईल तिथे गळती. दोन सांधे निघाले, आणि तळाला मागच्या टोकाशी एक भोक. पेनाएवढं, सुबक. ते तेव्हा फक्त वहीत नोंदवलं.

टाक्यांना लावतो त्या इपॉक्सी लेपाचा आतून एक हात दिला. दुसऱ्या दिवशी तो सायीसारखा सुटून आला. मिश्रणाचं माप बरोबर होतं, मी दोनदा तोललं होतं. मग नाक लावून पाहिलं. जवसाचं तेल! पेरणीच्या तिफनीला पाजता तसं नावेलाही आतून पाजलंत. तेलावर इपॉक्सी धरत नाही.

काचेच्या तुकड्याने खरवडलं, थिनरने तीनदा पुसलं, सावलीत वाळवलं. रोज वजन केलं. चौथ्या दिवशी ते उतरायचं थांबलं. पहिला हात मुद्दाम पातळ दिला. लाकूड किती पितं ते बघायचं होतं. अठरा ग्रॅम. एवढंसं लाकूड! सांध्यांत इपॉक्सीत कालवलेला भुसा भरला, वर आणखी दोन हात दिले. भोकात मेण दाबून नाव चोवीस तास टबात सोडली. आत ठेवलेला वर्तमानपत्राचा तुकडा कोरडा निघाला.

राहिलं भोक. तुमच्या हातून भोक चुकून राहत नाही. म्हणून काल पोतं झटकून पाहिलं. चिंधीत बांधलेली बाभळीची खुंटी पडली. भोकात अर्धी जाते, पुढे हातोडी लागते.

बैलगाडी असो की तिफन, आपल्या सुतारीच्या दुकानात शेवटची खुंटी उस्तादच ठोकतो. शेषरावकाकांनी तुमच्या हाताखाली वीस वर्षं काढली, त्यांनीही कधी ठोकली नाही. ती तुम्ही मला पाठवलीत.

दोन वर्षांपूर्वी, लोखंडी तिफनी आल्या आणि दुकानात गिऱ्हाईक येईना, तेव्हा शेषरावकाकांसमोर मी म्हणाले होते, "लाकडाला आता कोण विचारतं?" तुम्ही रंधा खाली ठेवलात. त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीत. मीही फोन केला नाही. माहिती म्हणून माझं वाक्य बरोबर होतं, एवढंच मी इतके दिवस धरून बसले. ते तुमच्या दुकानात उभं राहून बोलायला नको होतं.

खुंटी मी ठोकलेली नाही, ठोकणारही नाही. ती माझ्या टेबलावर आहे.

मेणाचं बूच फार दिवस टिकत नाही. रविवारी मला सुट्टी असते. सकाळच्या एसटीने या, मी स्टँडवर उभी राहीन. हातोडी तुमचीच आणा. माझी हलकी आहे.

तुमच्या हाताखालची,
उज्मा