तळहाताएवढी काच

मी, सरोवराकाठच्या दीपगृहाच्या रखवालदाराचा धाकटा मुलगा, वय बावीस, कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, हा मृत्युपत्राचा कागद पूर्ण शुद्धीत लिहितो. थोरल्या भावाचं मत वेगळं आहे. त्याला विचारू नये. सोमवारपासून बुडालेल्या बोटी काढणाऱ्या पाणबुड्यांत कामाला लागतो. मुकादम म्हणाला, "आधी कागद करून ये."

१. आजोबांचा पितळी कंदील थोरल्याला. सुरुवातीला दीपगृहावर तोच टांगत. पुढे मोठा फिरता दिवा आला, तेव्हा खडकांच्या बाजूची काच आजोबांनी काळी रंगवली. नियम सोपा: दिवा दिसतो तोवर पाणी खोल, दिसेनासा झाला की पुढे खडक.

२. माझी कवितांची वही जाळावी. ज्या शिंप्याच्या मुलीसाठी लिहिली, तिने एकही वाचली नाही.

३. तिचं घर खडकांपलीकडे. दिव्याचा झोत तिच्या खिडकीवर पडावा म्हणून मी त्या काळ्या काचेवरचा तळहाताएवढा रंग खरवडला. तिसऱ्याच रात्री एक नावाडी दिवा दिसतोय म्हणून बिनधास्त आला आणि खडकावर आदळला. बोट गेली, त्याचा पाय गेला. तिला झोताचं सांगितलं, तर म्हणाली, "अगबाई, तो तू होतास? डोळ्यांवर उजेड येतो म्हणून बाबांनी जाड पडदा शिवला!" तो पडदा तिला सासरी लखलाभ.

४. दिव्याची वही. त्रेपन्न वर्षं रोज एकच ओळ: 'दिवा लावला. काचा पाहिल्या.' शेवटची ओळ बाबांच्या हातची: 'काच माझ्याकडून खरवडली गेली.' अख्ख्या वहीत एवढंच खोटं, तेही माझ्यापायी. त्यांची नोकरी गेली, दिवा बंद झाला. आता दीपगृहाच्या इतिहासाची पाटी लागतेय: 'रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे बंद.' बाबा मला चकार शब्द बोलले नाहीत. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सुटलो असतो. ~~माझ्या मृत्यूनंतर~~ त्या ओळीत माझं नाव घालावं, पाटी बदलावी.

५. साक्षीसाठी त्याच नावाड्याकडे गेलो. कुबडी भिंतीला टेकवून त्याने सगळं वाचलं. "मेल्यावर खरं बोलायला काय जातं रे तुझं? तुझा बाप माझ्या दारावरून मान खाली घालून जातो. तो आधी गेला तर?" कागद माझ्या अंगावर फेकला. म्हणून वरच्या कलमातले दोन शब्द मी खोडले. दिव्याची वही घेऊन आधी बाबांकडे जातो, मग दीपगृहाच्या कचेरीत.

स्थळ: बंद दीपगृहाची खालची खोली
दिनांक: ९ मार्च
सही: रखवालदाराचा धाकटा

साक्षीदार:
१. नावाडी. खोडलेलं पाहिलं, मगच सही केली.
२. पाटी रंगवणारा पेंटर. पाटीवरची शेवटची ओळ अजून लिहिलेली नाही. थांबतो.