बोट फिरवून बघा

वन्सं,

आईकडे जातेय. यांनी जा म्हटलंय. हे कुत्र्याला फिरवून येतील आणि मन बदलेल, त्याआधी निघते.

संध्याकाळी त्याला तुम्हीच खायला घाला. आधी भांडं गरम पाण्यानं, साबण लावून घासा. त्याची हिरवी घासणी मोरीच्या खिडकीत आहे, आपली घेऊ नका. पाण्याच्या वाडग्याला तळाशी बुळबुळीत थर धरतो, तो नुसता विसळून जात नाही. घासल्यावर बोट फिरवून बघा, कारण हेही फिरवतात. मागच्या खेपेला बोटाला बुळबुळ लागली आणि मला अर्ध्या वाटेतून माघारी बोलावलं. "एवढंसं भांडं धड घासता येत नाही या घरात कुणाला!" आईला मी सांगितलं, बस चुकली.

या वेळी एक रात्र तिच्यापाशी राहू दे. डॉक्टर म्हणालेत, उशीर करू नका.

माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. मुकं जनावर जेवल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. तो जेवला की फोन करा. आणि नाहीच जेवला, तरी जेवला म्हणा, पाप माझ्या माथी. आई माझ्याशिवाय घास घेत नाही.