सुमीची सीट

९ ऑगस्ट, बेळगाव
लॉचा रिझल्ट लागला. कॉन्ट्रॅक्टमध्ये नापास. बाकीचे पेपर काठावर. हॉस्टेलच्या जिन्यात मोबाईल धरून बसले होते. रूममेट राणी आली. "रडूलालीस काय गं? एखादा विषय सगळ्यांचाच ऱ्हातोय." तिचा एकही राहिलेला नाही.
रडू नापास झाल्याचं नव्हतं. सुमी आठवली. ती इथे असती तर तिचा राहिला नसता.

११ ऑगस्ट
वर्गात सरांनी उभं केलं. "कन्सिडरेशन म्हणजे काय? तुझ्या शब्दांत सांग." व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हटली. ते म्हणाले, "हे पुस्तकाचे शब्द झाले." माझे आलेच नाहीत. मागे कुणीतरी हसलं. कदाचित नसेलही हसलं. खाई त्याला खवखवे.

१२ ऑगस्ट
एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)
सुमी काकांची मुलगी, माझ्याहून चार महिन्यांनी धाकटी. पहिलीपासून डिग्रीपर्यंत एका बाकावर बसलो. ती पहिली यायची, मी मधेच कुठेतरी. वकिली शिकायचं दोघींच्याही मनात. घरात ठरलं, एकीलाच पाठवायचं. दोघी गेल्या तर शेताचं नि गुरांचं कोण बघणार? पण कुणाला पाठवायचं हे बाबा बोलेनात, काका बोलेनात. दोघे भिडस्त. मग देवाला कौल लावला. बुधवंतांनी, म्हणजे गावच्या पहिल्या मानकऱ्यांनी, पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "थोरलीला धाडू काय?" उजवी पडली, म्हणजे होय. झालं.
सुमीचं नाव देवापुढे घेतलंच नव्हतं. घेतलं असतं तर तेव्हाही उजवीच पडली असती काय? त्या दिवशी हे माझ्या मनात आलं होतं. बोलले नाही. खूष होते मी.

२४ ऑगस्ट, गावी
चवथीला आले. रामनगरला गाडी बदलली, जोयड्याहून दिग्गीची धरली, फाट्यावर उतरले. चिखलात सुमी उभी, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. "आण वकीलबाई, बॅग. तुमचे हात आता कागदाचे." बॅगेत पुस्तकंच जास्त. ती चढावर पुढे, मी मागे धापा टाकत.
रिझल्टचं कुणाला सांगितलं नाही. उद्या सांगेन.

२६ ऑगस्ट
गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी सुमीबरोबर रानात फळं आणायला. एका फांदीला लोंबकळत तिने विचारलं, "तुझा रिझल्ट लागला न्हाई व्हय अजून?"
"लागेल की."
किती सहज तोंडातून गेलं! वकिलीला हेच लागतं म्हणतात लोक. मग हुशारच म्हणायची मी.

२८ ऑगस्ट
काकीने पहिली नेवरी, म्हणजे करंजी, माझ्या पानात वाढली. "खा बाय, डोकं चालाय पायजे तुझं." सुमीला मागनं, तीही फुटलेली. काकी सुमीची आई! सुमी हसून खात होती. 
ठरवलं. पुन्हा कौल लावायचा. मी परत येते, सुमीने जावं. मग तरी काकीच्या डोळ्याला डोळा देता येईल.
संध्याकाळी बुधवंतांकडे गेले. काय विचारायचंय ते सांगितलं नाही, माझ्या शिक्षणाबद्दल आहे एवढंच. ते म्हणाले, "गणपती पोचवू दे, मग ये. पर देवाम्होरं मोठ्यानं बोलाय लागतंय, ठाव हाय न्हवं?"

१ सप्टेंबर
जमेल तसं लिहिते.
देवळात पंधरावीस माणसं. बाबा, काका पुढे. बायका खांबाजवळ, त्यांत सुमी. बुधवंतांनी पाकळ्या पाण्यात भिजवल्या. "बोल बाय."
बोलले. नापास झाल्याचं आधी. मग, "माझं डोकं तेवढं न्हाई. माझ्या जागी सुमीला धाडावं काय, ते देवानं सांगावं."
बुधवंतांनी उजवी पाकळी लावली, डावी उचलली, तेवढ्यात सुमी म्हणाली, "थांबा."
बाईमाणसाने कौलात मधे बोलायचं नसतं. ती पुढे आली.
"सीट काय बसातली हाय व्हय गं? टावेल टाकून माझ्यासाठी धरलेलीस?"
दोघीतिघी हसल्या. ती हसली नाही.
"नापास झालीस म्हणून देतीस. पास झाली असतीस तर दिली असतीस काय?"
मग तिने बाबांकडे नि काकांकडे बघितलं.
"त्या टायमाला बी मला कुणी इचारलं न्हाई. आता तू बी न्हाई इचारलंस. देवाला इचाराय आलीस. मी कुठं ऱ्हातो, लांब? एका चुलीवर जेवतो की आपुण."
बुधवंतांनी लावलेली पाकळी काढली आणि दोन्ही परत पाण्यात सोडल्या. "आधी दोघी बोला. न्हाईतर देवानं काय सांगायचं?" उठून गेले.
लावलेला कौल काढून घेतलेला मी आजवर पाहिला नव्हता. इतरांनीही नसावा.

२ सप्टेंबर
बाबा गोठ्यात. "नापास झालीस ते काय न्हाई गं. पर ते मला देवळात चार माणसांत कळायचं?" एवढंच. नंतर मला चहा त्यांनीच आणून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.
सुमी बोलत नाही.
जे माझं नाही ते मी दुसऱ्याला कसं देणार? कॉलेजची जागा माझ्या नावावरून सुमीच्या नावावर होत नसते, हे वेडीलासुद्धा कळतं. मला तर शिकवलेलं आहे. मला ते कळत होतं. मला पळून जायचं होतं, आणि जाताना सुमीने आभार मानायला हवे होते. असं आहे हे. लिहिताना लाज वाटते.

४ सप्टेंबर
निघायच्या आधी कोनाच्या, म्हणजे कंदाच्या, वाफ्यावर गाठलं तिला. वेल मांडवावर चढवत होती.
"सुमे, तुला जायचं हाय काय?"
"आत्ता इचारतीस?"
"व्हय. आत्ताच सुचलं."
तिने वेलाला गाठ मारली, दुसरा घेतला. शेवटी, "गाडी चुकल तुझी."
फाट्यापर्यंत बॅग मीच नेली.

१५ सप्टेंबर, बेळगाव
सरांना जाऊन सांगितलं, कन्सिडरेशन मला कळत नाही. इंग्रजी वाचते, शब्द कळतात, अर्थ निसटतो. वाटलं होतं म्हणतील, मग कशाला आलीस. म्हणाले, "गावात पैशाशिवाय काय काय चालतं ते सांग." सांगितलं. आमच्या भातलावणीला शेजारचे येतात, त्यांच्या लावणीला आम्ही. "आणि तुम्ही गेला नाहीत तर?" म्हटलं, "तर शब्द मोडला म्हणतात. आणि आमचं शेत त्यांनी फुकट लावलेलं नसतं." सर म्हणाले, "कन्सिडरेशन म्हणजे हाच मोबदला. दुसरं वाक्य पेपरात लिही. पहिलं घरी ठेव."
जिना उतरताना बरं वाटत होतं. मग सुमी आठवली. बरं वाटलं की लगेच ती आठवते, व्याज घ्यायला आल्यासारखी. तिचा बिचारीचा काय दोष?

९ ऑक्टोबर
राहिलेल्या पेपरला बसायचं ठरवलं. राणीला मराठीत समजावते, ती मला इंग्रजीत. आज ती म्हणाली, "तू सांगितलंस की डोक्यात बसतंय बघ." मस्करी असेल. दोनदा म्हणाली पण.
सुमीला तीन मेसेज. निळ्या खुणा. उत्तर नाही.

२ नोव्हेंबर
आईचा फोन. भात कापणीला आलंय. सुमीचं विचारलं. "हाय की. कामात असती. तुझं नाव काढलं की गप ऱ्हाती." थोडं थांबून, "तू बी किती गं त्या पोरीला चारचौघांत..."
मी तिचं भलं करायला गेले होते, आई. ओठांवर आलं, बोलले नाही. खरं नव्हतं ते.

१९ नोव्हेंबर
उद्या कॉन्ट्रॅक्ट.
दुपारी सुमीचा फोन. टेकडीवर रेंजला आली होती, वारा ऐकू येत होता.
"तू इचारलंस न्हवं, जायचं हाय काय म्हणून. जायचं व्हतं. लई व्हतं. कौल पडला त्या रातीला कांबळं तोंडावर घेऊन रडलो मी. तू शेजारीच निजलेलीस."
मी पुस्तक मिटून ठेवलं.
"आता जायचं काय न्हाई, मला ठाव न्हाई. ठरलं की माझं मी सांगीन घरात. तू सांगू नगंस."
"न्हाई सांगत. सुमे, मी उद्याचा पेपर तुझ्यासाठी..."
"नगं." फाडकन तोडलं तिने. "माझ्यासाठी म्हणून काय बी लिहू नगंस. तुझं वझं मी कशाला उचलू? तुला येतंय तर लिही, न्हाईतर सोड." मग जरा हळू, "जेव की येळंवर." आणि फोन कट. रेंज गेली की तिने ठेवला, कळलं नाही.
मी पुन्हा लावला नाही.
इतके दिवस पुस्तक उघडलं की सुमी समोर असायची. तिच्या जागेवर बसलेय, मग वाच. तिचं वाया जायला नको, मग वाच. अपराधी वाटत होतं तोवर अभ्यासाला कारण होतं. तेही तिने आज काढून घेतलं. आता हे मला स्वतःला हवंय की नाही, हे मला कधी कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.
हॉल तिकीट घेतलं, दोन पेनं घेतली. सकाळी जाणार आहे. येतंय मला थोडंफार, हे खरं आहे.
आणि सुमीचं रडणं मला त्या रात्री ऐकू आलं होतं की नाही, हे आठवायचा प्रयत्न करतेय. झोपले होते असं वाटतं. असं वाटतं, पण...