खाजण डॉट कॉम

५ मार्च २००६, रवि.
सासरे त्यांच्या गावाहून, खारीहून, जेवायला. गॅलरीतून खाली बघत म्हणाले, "ह्या समदा खाजन व्हता. भरतीचा पानी हितवर यायचा."
शब्द डोक्यात बसला, वेबसाइटचं नाव म्हणून. इंग्रजीत सहाच अक्षरं, आडवी रेघ नाही, आकडा नाही. ण-न चा घोळही मिटला. संध्याकाळी तपासलं, तर डॉट कॉम मोकळं! घेऊन टाकलं. सुनंदा: "आणखी एक? आधीची विकायला घेतलेली नावं धूळ खातायत ना?" बायकोला नजर नाही. मला आहे, असं मी तरी समजतो.

७ मार्च
फोन-परीक्षा. नुसतं ऐकून समोरच्याला नाव बरोबर लिहिता आलं, तरच त्याला भाव. ताईने 'जे' सोडून 'झेड' लिहिला. खालचे स्टेशनरीवाले मेहताभाई: "खजाना ना? आखिर का 'ए' छूट गया, भाई!"
सपशेल नापास. तरी आवडतंय.

१६ मार्च
मेल आली! सुरतचा दागिनेवाला. नाव विकत हवंय, भावही चांगला देतोय. त्यालाही खजानाच वाटलाय. पुरं नाव कुणीतरी आधीच उचललंय, म्हणून हे बिनशेपटीचं चालेल म्हणतो. दिवसभर शीळ घालत होतो.
सुनंदा भाजी निवडताना: "म्हणजे बाबांच्या खाजणावर आता कानातले लटकणार." थट्टाच केली, पण हसली नाही.

१९ मार्च, रवि.
खारीला जाऊन सासऱ्यांना सगळं सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर नाही विकत, म्हटलं.
"इकून टाका, जावईबापू. जमीन इकली आमी, नाव ठेवून काय करनार हाय?"
वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला लिहू.
चपला घालत होतो तेव्हा हळूच, "त्या कम्प्युटरवरचा कोनालाबी दिसतो?"
जगात कुणालाही, म्हटलं.
"आमचा खाजन?"
हो म्हटलं.

२६ मार्च, रवि.
सुरतवाल्याला आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. होकार मेलमध्ये लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचाय.
दुपारी सासरे रिक्षाने आले, न कळवता, इस्त्रीचा शर्ट घालून. "दाखवा, कुठं हाय." खुर्ची दिली, नाव टाइप केलं, पान उघडलं. नुसतं पांढरं. मीच ओशाळलो. अजून काही टाकलं नाहीये, म्हटलं.
बराच वेळ बघत राहिले.
"बरोबर हाय," म्हणाले. "असाच व्हता. मोकला."
सुनंदाने चहा आणला. ते अजून बघतायत. सहा वाजून गेले, कम्प्युटर कसा मागू?