कुंपणापलीकडचा माळ

९ नोव्हें., रविवार
इंदापूरची एस.टी. धरून सुशीकडं. लहानपणची मैत्रीण, तिच्या गावाला लागूनच आमचा माळ. अब्बा बांगड्यांचं गाठोडं घेऊन याच माळावरून पलीकडच्या वस्त्यांवर जायचे, मी मागं पळत. आता तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. बोल कुणाला लावायचा? मुरूम उपसणारे ट्रक थांबवा म्हणून गावानंच वनखात्याकडं कुंपण मागितलं. सुशी सह्या घेत दारोदार हिंडली. हरणं वाचवायच्या नादात माणसांना वाट ठेवा, हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. घ्या आता! वनभोजनसुद्धा यंदा देवळाच्या पत्र्याखाली उरकलं.
तारेतून बघत उभी राहिले. गवत पिवळं पडलंय. जीव तुटला नुसता.

१४ नोव्हें.
सुशी बारामतीला, डोळ्यांच्या दवाखान्यात. शुगरनं पडदा खराब झालाय. सुया देतायत, पण नजर किती टिकेल ते डॉक्टरही सांगेना. नंतर माझ्या दुकानात बसली, चहा प्याली, अन् म्हणते, "जैबू, नजर हाय तवर एकदा माळावर हरणं बघू. आत जाऊन. तारंतनं न्हाय."
"जाऊ की गं," म्हटलं. कसं, ते खुदा जाणे.

१९ नोव्हें.
आज डाव साधला! पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका आमदारांच्या मिसेस, माहेर इथलं, सगळे वहिनी म्हणतात. भाचीच्या लग्नासाठी बांगड्या भरायला आल्या. भरताना बाईचा हात मणेरणीच्या हातात. उठून जाणार कुठं? साहेब नागपूरच्या अधिवेशनात माळरानं राखायचं विधेयक मांडणार, हे ऐकलं होतं. म्हटलं, "त्यात पायवाट घाला म्हणावं. गाडी नको, बंदूक नको, कुत्री नकोत, कबूल. पण पायी येणाऱ्या माणसाला दार उघडं पाहिजे."
वहिनी : "आधी मनगट सोडा मावशी, दुखतंय!"
दोघी हसलो. उठताना रिवाजाप्रमाणं वाकून नमस्कार केला त्यांनी. मी म्हटलं, "सुखी राहा, अन् साहेबांना सांगा." आशीर्वादात काम घुसडलं. अब्बा असते तर रागावले असते. रागावू देत.

२७ नोव्हें.
साहेबांच्या माणसाचा फोन. पायवाटेचं कलम घातलंय म्हणे! विश्वास बसेना, परत परत विचारलं. लगेच सुशीला लावला. "आगं बया! खरंच?" ओरडलीच. मग खुळ्यासारखं कुठनं कुठं चालायचं ते ठरवत बसलो. ओढ्यातनं वर, टेकाडाला वळसा, बाभळीखाली भाकरी. मी म्हटलं, पिठलं मी आणते.
"तुझं पिठलं नगं. मीठच नसतं त्यात." मेली.

१० डिसें.
दुकानात लक्ष नाही. भरता भरता बांगड्या पिचकतायत, गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडं बघतंय. सारखी टीव्हीपुढं. तिथं सगळे एकमेकांवर ओरडतात, माळाचं नाव कुणी काढत नाही. काढा की रे, एकदा.

नंतर (तारीख बघायची इच्छा नाही)
अधिवेशन संपलं. विधेयकाचा नंबर लागलाच नाही. साहेबांचा माणूस : "पुढच्या अधिवेशनात नक्की, मावशी." तुमचं काय जातंय नक्की म्हणायला!

१७ डिसें.
सुशीकडं. फाटकाशी वनरक्षक भेटला. भला माणूस. हळूच म्हणाला, "मावशी, एकदा सकाळी लवकर या दोघी. मी कुलूप काढतो. फकस्त बोभाटा नको. महिनाअखेरीला माझी बदली हाय."
मी सुशीचा दंडच धरला. ती म्हणे, "नगं."
"का गं?"
"चोरावाणी न्हाय जायचं. आज आपल्याला सोडतील. बाकीच्या बायांचं काय? त्यांच्या सह्या मीच घेतल्यात. त्यांना काय तोंड दाखवू?"
भांडले. भर रस्त्यात भांडले. म्हटलं, "माळ कुठं पळून जात नाही, डोळे तुझे चाललेत!" जीभ झडो माझी. ती घरात गेली. मी चहा न घेताच एस.टी.ला आले. सगळ्या वाटेत खिडकीबाहेर बघितलं, दिसलं काहीच नाही.

२२ डिसें.
फोन नाही. मीही केला नाही. हट्टी ती, अन् मी काय कमी आहे!
वहिनी परत माहेरी आल्यात म्हणे, लग्नघरी. जावं का?
माळ स्वप्नात येतो, असं काही नाही. उलट जागेपणीच येतो. पायाखाली वाळकं गवत मोडल्याचा आवाज. एकदा, फक्त एकदा तिच्याबरोबर…

३० डिसें.
आज सुशीचा फोन. मला वाटलं, आली शुद्धीवर. वनरक्षक अजून उद्याचा दिवस आहे. बोलता बोलताच चप्पल शोधायला लागले.
"जैबू, उजव्यानं आता निस्तं धुकं दिसतंय."
मी नाक ओढलं.
"रडू नगं. डावा हाय की. डाव्यावर एक अधिवेशन निघंल. वहिनीला कधी गाठतीस?"
"उद्या सकाळी जाते," म्हटलं, अन् ठेवला.
कुठं जाते ते बोलले नाही. वहिनींकडं, का तिला ओढत फाटकाकडं, माझं मलाच कळेना. इंदापूरची पहिली एस.टी. सहाची आहे.