नावाएवढी जागा

मंगळ, ५ फेब्रु. १९७४
पोटात पुन्हा पीळ. सकाळी छापखान्यात जुळणी करताना हात थरथरला आणि जुळवलेल्या चार ओळींचे शिशाचे खिळे फरशीवर सांडले. सतरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मशीनवरचा दस्तगीर मशीन थांबवून आला, माझ्याबरोबर बसून खिळे वेचू लागला.

गुरु, ७
डॉ.नी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. निळी रेघ आहे म्हणाले. "शिसं अंगात भिनलंय. खिळ्यांचं काम सोडा." किती दिवसांत, विचारलं. "आधीच सोडायला हवं होतं." जेवणाआधी साबणाने हात धुता का? हो म्हणालो. थाप. छापखान्यात साबण कुठला!
घरी बायकोला, शांताला, सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग एकदम, "मग उद्यापास्नं जाऊच नगा की!" एवढं सोपं असतं तर.

सोम, ११. सुट्टी
पहिल्या एसटीने गडहिंग्लज. शांताच्या मामांनी तिथल्या सोसायटीत शब्द टाकला होता. गोदाम-कारकून. खत, बियाणं, पोती, आणि किल्ल्या माझ्याकडे. चेअरमन नेसरीचे, मोजकं बोलणारे. माझं अक्षर पाहून खूश. १ मार्चला हजर व्हा म्हणाले. उठताना मात्र, "पावणं, तिथनं रीतसर सुटून या. मागनं कायबाय कानावर आलं तर किल्ल्या हातात द्याच्या न्हाईत आमी."
त्यांच्या टेबलावर आमच्या मालकांचं साप्ताहिक. मीच जुळवलेलं. तोंडाचं पाणी पळालं.

बुध, १३
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)
दोन वर्षांमागे आमच्या शंकर बाइंडरने महिनाभर आधी अर्ज दिला. रीतसर, हात जोडून. मालक बरं म्हणाले, त्याला चहा पाजला. संध्याकाळी, "डबा उचल आनि चालाय लाग." शनिवारच्या अंकात जाहीर नोटीस. अमुक अमुक यांचा आमच्या छापखान्याशी काही संबंध राहिलेला नाही, त्यांच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. चोरी केली असं कुठं म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच काय! नव्या मालकाने शंकरला दारातूनच परतवून लावलं. आता मार्केट यार्डात गुळाचे मणामणाचे रवे उचलतो.
ती नोटीस जुळवली मी. छापून झाल्यावर खिळे सुटे करायला घेतले तर मालक म्हणाले, "असू दे बांधून. परत लागंल." शंकरचं नाव तेवढं काढलं. बाकीचा मजकूर सुतळी आवळून अजून रॅकच्या खालच्या खणात आहे. केर काढताना दिसतो.
सांगितलं तर त्याच दिवशी बाहेर, आणि वर नोटीस. न सांगता गेलो तर नोटीस आहेच, शिवाय पळून गेला म्हणायला सगळे मोकळे. इकडे आड तिकडे विहीर.

शुक्र, १५
दस्तगीरला सांगितलं, मशीनच्या आवाजात, कानाजवळ.
"सांगू नगंस. अठ्ठावीसला सांजच्याला येतो म्हनायचं आनि परत यायचं न्हाई."
आणि नोटीस?
"छापनार कोन? मीच की. गडहिंग्लजच्या गठ्ठ्याला शाई लावत न्हाई."
हसलो दोघं. पण लग्नसराई तोंडावर, मी न सांगता गेलो तर सगळ्या पत्रिका त्याच्याच उरावर पडणार. ते तो बोलला नाही.
शांता आता उलटी. "न सांगता जायाला आपन काय चोरी केलीया व्हय?" मी म्हणालो, शंकरने तरी कुठं केली होती.

रवि, १७
अर्ज लिहिला. चार कागद फाडले. शेवटी "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" एवढंच कारण. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. शिशाचं लिहिलं नाही. का नाही लिहिलं?

सोम, १८. सुट्टी
यार्डात गेलो. शंकर पोत्यावर बसून बिडी ओढत होता. दोन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारा झालाय. नोटीस मी जुळवली होती, हे सांगायलाच गेलो होतो. तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "तू जुळवलीस ते ठावं हाय मला."
दुसरं कोण होतं जुळवायला, म्हणालो.
"न्हाई रं, त्याचं काय न्हाई. पर माझं नाव लई बराबर जुळवलंस. तिथं चुकायचंस की. शंकरचं श्यामराव करायचंस. मी म्हनलो असतो, त्यो मी न्हवंच."
रोज पन्नास चुका करतो माणूस, आणि त्या दिवशी एक करायची बुद्धी झाली नाही. लाज वाटली. अजून वाटते.

बुध, २०
घात झाला.
एका इनामदारांकडची लग्नपत्रिका. जुन्या थाटाची, वर पूर्ण "राजमान्य राजेश्री" हवं होतं. मी न वाचताच प्रूफ मालकांकडे गेलं. लाल पेन्सिलीचा गोल होऊन परत आलं. मी जुळवलं होतं "राजीनामा राजेश्री".
मालक मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, "काय म्हादू, लग्नाला बोलवाय लागलाईस का सोडचिठ्ठी द्याय?"
सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना माझा हात आपोआप खिशावर गेला. मालकांचं हसणं थांबलं. त्यांनी तो हात पाहिला.

गुरु, २१
अकराच्या सुमाराला मालकांनी माझ्यासाठी चहा मागवला. सतरा वर्षांत दुसऱ्यांदा, पहिल्यांदा मुलगी झाली तेव्हा. प्यालो. शंकरलाही पाजला होता.

शुक्र, २२. छापखान्यात, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय
उद्याचा अंक आज मशीनवर चढणार. बाराला मालकांनी हाक मारली.
"ती बांधून ठेवलेली नोटीस काढ. शेवटच्या पानावर घे. नाव मागनं सांगतो."
जागा किती सोडू, मालक?
चष्मा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "तुझ्या नावाएवढी सोड."
आणि जेवायला गेले. अडीचला येतात.
सुतळी सोडली. जागा मोजायची म्हणून माझं नाव जुळवून पाहिलं. महादेव ज्ञानदेव सुतार. हात अजिबात थरथरला नाही. सतरा वर्षांत स्वतःचं नाव कधी जुळवलं नव्हतं. मग एकेक खिळा काढून केसमधल्या आपापल्या घरात टाकला आणि तेवढ्या जागेत कोरे खिळे भरले. प्रूफ काढलं. मधे पांढरी पट्टी, पुढं, यांचा आमच्या छापखान्याशी काही संबंध राहिलेला नाही.
दस्तगीर डबा घेऊन आला, प्रूफ वाचलं. "उठ. आत्ताच जा. पोटात दुखाय लागलं म्हनून सांगतो मी."
पोटात खरंच दुखतंय.
अर्ज खिशातून काढलाय. घामाने घडीवरची शाई पसरलीय, सही तेवढी नीट दिसते. प्रूफ मालकांच्या टेबलावर ठेवून आलो. अर्ज अजून इथं, या वहीवर आहे.
सव्वादोन. शंकरचं बोलणं दस्तगीरला सांगितलंय, तो म्हणतो, नाव विचारलं तर श्यामराव सांग.
बाहेर सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. मालक आज लवकर आले.