आई पाण्यात उतरली

प्रिय दादा,

आईने शपथ घातलीय, म्हणून हे पत्र कपाटातच राहणार. पण न लिहिता राहिले तर माझं पोट फुगेल.

कातड्याचा कारखाना चालू होता तेव्हाचं आपलं तळं तुला आठवतच असेल. खिडक्या लावून जेवायचो आपण. कारखाना बंद पडला, बाबांची नोकरी गेली आणि "या गावात आता राम नाही" म्हणत तूही गेलास. पाणी मात्र हळूहळू निवळलं, रे. आता काठावर हॉटेलं झालीत, रंगीत होड्या फिरतात, आपल्या खालच्या खोलीतसुद्धा पाहुणे उतरतात.

काल सकाळी आम्ही दोघी काठावर फिरायला गेलो. आईने चपला काढल्या, चष्मा माझ्या हातात दिला आणि सरळ पाण्यात शिरली. सत्तरीची बाई! मी बोंबच ठोकली. ती सपासप हात मारत पार मधल्या खडकापर्यंत गेली आणि तिथून मलाच म्हणते, "अगं, ओरडू नकोस, लोक बघतायत!"

आईला पोहता येतं, हे तुला तरी ठाऊक होतं का? माहेरी नदीत पोहायची म्हणे. लग्न होऊन इथे आली, या पाण्याचा वास घेतला आणि तो विषयच सोडला.

परतली तेव्हा तिचे दात वाजत होते. मी रागारागाने तिला टॉवेलात गुंडाळलं.

"दादाला कळवू नकोस, घाबरेल तो," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडून चष्मा मागून घेतला आणि डोळ्यांवर चढवला.

"इतकी वर्षं तुझ्या बाबांच्या गावात राहिले गं. आज माझ्या गावात आले."

तुझी चुगलखोर,
छोटी